वाद कुत्र्यांचा, प्रश्न डॉक्टरांचा

भटक्या कुत्र्यांवर सगळेच तावातावाने बोलतायत. पण निर्बीजीकरण, लसीकरण, उपचार हे सगळं ज्यांनी करायचं, ते पशुवैद्यक तयार कसे होतात, याबद्दल कुणीच बोलत नाही.

भटक्या कुत्र्यांवरचं कुठलंही रील उघडा आणि थेट कमेंट बॉक्समध्ये जा. तिथे दोनच पार्ट्या सापडतील. एक म्हणते, ‘सगळ्यांना उचला.’ दुसरी म्हणते, ‘एकाला हात तर लावून दाखवा.’ दोघींकडेही व्हिडिओ आहेत आणि राग तर भरपूर आहे. पण दोन्हीकडच्या मागण्या एका कागदावर लिहून काढल्या, तर एक गंमत दिसते. कुत्र्यांना शेल्टरमध्ये ठेवायचं असो की पुन्हा गल्लीत सोडायचं असो, त्याआधी त्यांचं ऑपरेशन करायला, लस टोचायला आणि कोण आजारी, कोण धडधाकट हे ठरवायला एक माणूस लागतोच. तो माणूस म्हणजे पशुवैद्यक. आणि या सगळ्या भांडणात नेमका तोच गायब आहे.

आधी पटकन उजळणी करू. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री पकडून शेल्टरमध्ये ठेवा, असा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. निर्बीजीकरण करा, लस द्या, जंतनाशक द्या आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. मात्र रेबीज झालेली, रेबीजचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नका, असं सांगितलं. मग ७ नोव्हेंबरचा आदेश आला. शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशनं, क्रीडासंकुलं इथली कुत्री हलवा आणि निर्बीजीकरण-लसीकरणानंतरही त्यांना तिथे परत आणू नका. म्हणजे तुमच्या कॅन्टीनबाहेर पहुडलेला तो ‘कालू’ही आता न्यायालयाच्या आदेशात आलाय.

तिन्ही आदेशांमधली क्रियापदं बघा. पकडा, तपासा, ऑपरेशन करा, लस द्या, वेगळं ठेवा. पकडायला महापालिकेची गाडी पुरेल. पण पुढचं बहुतेक सगळं काम पशुवैद्यकशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाचं आहे. रेबीज कुठला आणि नुसता घाबरून चावणारा कुत्रा कुठला, हे ठरवणंसुद्धा.

थोडी आकडेमोड

प्रश्न केवढा आहे, ते एका काल्पनिक शहरावरून बघू. समजा तिथे ५० हजार भटकी कुत्री आहेत. संख्या आणि रेबीज दोन्ही आटोक्यात ठेवायचे, तर साधारण ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोहोचावं लागतं, असं मानलं जातं. म्हणजे ३५ हजार ऑपरेशनं. एक डॉक्टर दिवसाला १२ ऑपरेशनं नीट करतो आणि वर्षात २५० दिवस काम करतो असं धरलं, तर त्याची वर्षाची बेरीज होते ३ हजार. म्हणजे ते शहर वर्षभरात उरकायला पूर्णवेळ फक्त हेच काम करणारे जवळपास १२ डॉक्टर लागतील.

बाराच? हो, आकडा वाटतो छोटा. आता महाराष्ट्रात २९ महापालिका आहेत, हे लक्षात घ्या. सगळी शहरं सारखी नाहीत, मान्य. तरी २९ गुणिले १२ केलं, की साडेतीनशेच्या आसपास पोहोचतो. त्यात नगरपालिका, नगरपंचायती आणि गावं धरलेली नाहीत. हे काम रमतगमत पाच-सात वर्षं चालवूनही भागत नाही, कारण कुत्री तोवर थांबत नाहीत. मादी वर्षातून दोनदा विऊ शकते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं ही नेहमीची गोष्ट. मुंबईत २०१४ च्या मोजणीत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री आढळली होती. देशभरात २०१९ च्या पशुगणनेत हा आकडा दीड कोटीच्या वर होता.

आता खरी मेख. ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३’ नुसार असं केंद्र चालवणाऱ्या प्रभारी पशुवैद्यकाच्या गाठीशी किमान २ हजार शस्त्रक्रियांचा अनुभव हवा. केरळ सरकारने या अटीबद्दल जाहीर तक्रार केली, की इतके अनुभवी डॉक्टर आणायचे कुठून? प्राणिप्रेमी संघटनांचं म्हणणं वेगळं. शिकाऊ हातांनी घाईत ऑपरेशनं उरकली तर टाके उसवतात, जखमा चिघळतात, कुत्री मरतात. म्हणून अट हवीच. दोघांचंही बरोबर आहे. म्हणून तर प्रश्न आणखी मागे जातो. दोन हजारावं ऑपरेशन करणारा डॉक्टर पहिलं ऑपरेशन कुठे करतो? त्याला शिकवतं कोण?

अभ्यासक्रमात गाय आधी

तुमच्या ओळखीत कुणी व्हेटर्नरीला असेल तर विचारा. बारावीला ‘नीट’ देऊन, एमबीबीएस थोडक्यात हुकल्यावर इथे आलेले बरेच असतात, आणि पहिल्यापासून हेच करायचं ठरवून आलेलेही असतात. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनुसार हा कोर्स साडेपाच वर्षांचा आहे. त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पदवीचं नावच ‘पशुवैद्यकशास्त्र आणि पशुसंवर्धन’ असं जोडनाव आहे. म्हणजे आजार बरे करणं हा अर्धा भाग झाला. जनावरांचं खाद्य, पैदास, दूध, मांस, कोंबडीपालन हा उरलेला अर्धा.

एमबीबीएसच्या मुलांना एकच प्राणी शिकायचा असतो. इथे गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, डुक्कर, कोंबडी, कुत्रा, मांजर आणि वर थोडे वन्यप्राणी! गायीच्या पोटाचे चार कप्पे, घोड्याला उलटीच करता येत नाही, कोंबडीच्या फुप्फुसांची रचना अगदी वेगळी. सगळ्यांची शरीररचना, औषधांचे डोस, रोग आणि ऑपरेशनं साडेचार वर्षांत बसवायची. यात कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला किती येणार, तुम्हीच बघा.

पण गायीला झुकतं माप मिळतं, त्यामागे कारण आहे. पशुवैद्यकाचं शिक्षण जगात सुरू झालं तेच मुळी घोडे आणि गुरं वाचवायला. पहिलं कॉलेज १७६१ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन शहरात निघालं, तेव्हा युरोपभर गुरं साथीत पटापट मरत होती. आपल्याकडे इंग्रजांना काळजी होती ती लष्कराच्या घोड्यांची आणि शेतीच्या बैलांची. आजही लाखो घरांचा महिना दुधाच्या पैशांवर चालतो. लम्पीची साथ २०२२ मध्ये आली, तेव्हा गावोगाव धावणारे पशुवैद्यक होते म्हणूनच लसीकरण उभं राहिलं. स्पर्धा परीक्षेतून ‘पशुधन विकास अधिकारी’ होणाऱ्या मुलीला उद्या गाभण म्हशीचं आडवं आलेलं वासरू सोडवता आलंच पाहिजे. तिथे चूक झाली तर एका शेतकऱ्याची वर्षाची कमाई जाते.

त्यामुळे ‘गाय कमी करा, कुत्रा वाढवा’ ही मागणी चुकीची ठरेल. गंमत म्हणजे मुंबईतलं परळचं कॉलेज १८८६ मध्ये सुरू झालं ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालयाला लागूनच. म्हणजे पुस्तकाशेजारी पेशंट हवा, हे तेव्हाच्या लोकांनाही कळलं होतं. अडचण आहे ती वेगळीच. शहरं बदलली, घरात कुत्री-मांजरं आली, रस्त्यावरची वाढली. त्या मानाने शिकण्याच्या संधी बदलल्या नाहीत.

जो बोलत नाही, त्याचं निदान

कुत्र्या-मांजरांचं निदान शिकवणं म्हणजे नेमकं काय शिकवणं? बाहेरून वाटतं, एक इंजेक्शन द्यायचं, बस्स. प्रत्यक्षात हा चक्क डिटेक्टिव्हगिरीचा कोर्स आहे.

समजा, तीन वर्षांचा लॅब्रॅडोर आलाय. मालक सांगतो, ‘दोन दिवस जेवत नाही.’ एवढीच तक्रार. विद्यार्थ्याने आधी प्रश्न विचारायचे. लसी झाल्यात का? अंगावर गोचीड दिसले का? उलटी, जुलाब? लघवीचा रंग? कचऱ्यात तोंड घातलं होतं का? घरात उंदराचं औषध ठेवलंय का? मग हात लावायचा. थर्मामीटर गुदद्वारातून लावायचं आणि हे लक्षात ठेवायचं, की कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. म्हणून आपल्या हाताला तो नेहमी ‘गरम’च लागतो. नाडी बघायची मांडीच्या आतल्या बाजूला. ओठ वर करून हिरडी बघायची, बोटाने दाबून सोडायची आणि रंग दोन सेकंदांत परत येतो का ते मोजायचं. मानेखाली, गुडघ्यामागे गाठी सुजल्यात का, प्लीहा मोठी लागतेय का, ते चाचपायचं.

हिरडी फिकट, ताप, गाठी सुजलेल्या आणि कानात गोचीड सापडले, तर डोक्यात घंटा वाजते : गोचीड ताप. पण इथेच थांबायचं नाही. आपण सगळे सरसकट ‘टिक फीवर’ म्हणतो, त्यामागे एर्लिकिया असू शकतो, बबेसिया असू शकतो, दोन्ही एकत्रही असू शकतात. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं, बबेसियावर वेगळं औषध लागतं. म्हणून रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि प्लेटलेट मोजायच्या. हेच दुखणं पावसाळ्यात, हिरड्या-डोळे पिवळे होऊन आलं, तर लेप्टोचा विचार आधी. कारण तो माणसालाही होतो, आणि मग हातमोज्यांशिवाय लघवीला हात लावायचा नसतो.

या सगळ्याला म्हणतात शक्यतांची यादी करणं आणि एकेक खोडत जाणं. पुस्तकात ही यादी पाठ करता येते. पण फिकट हिरडी किती फिकट, हे शंभर हिरड्या पाहिल्याशिवाय कळत नाही. सुजलेली गाठ बोटांना कशी लागते, हे पीपीटीमध्ये दाखवता येत नाही.

आणखी एक धडा बहुतेक पशुवैद्यकांच्या मनावर कोरलेला असतो. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, गिळता येत नाहीये. मालक म्हणतो, ‘घशात हाड अडकलंय वाटतं, काढता का?’ नवखा डॉक्टर पटकन हात घालेल. अनुभवी आधी थबकतो, कारण मुक्या प्रकारचा रेबीज अगदी असाच दिसतो. सिनेमात दाखवतात तसा रेबीजचा प्रत्येक कुत्रा पिसाळून धावत सुटत नाही. आणि जिवंत कुत्र्यात रेबीजची पक्की खात्री करून देणारी सोपी टेस्ट दवाखान्यात नसते; पक्कं निदान मेल्यावर मेंदूच्या नमुन्यावरूनच होतं. म्हणून ‘संशयित कुत्रं वेगळं ठेवा’ हे आदेशातलं एक साधं वाक्य प्रत्यक्षात एका माणसाच्या नजरेवर उभं असतं. ती नजर चुकली, तर किंमत माणसाचा जीव. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही.

मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे

व्हेटर्नरीच्या वर्गात हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं जातं, की त्याचं मीम व्हायला हवं होतं. पण ते खरंय. आपण तापाला सर्रास घेतो ती पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ती पचवून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठी मिळणारी पर्मेथ्रिनची गोचीड-पिसवांची औषधं मांजराला लावली, तर झटके येऊ शकतात. लिलीची फुलं चघळली, तर किडनी निकामी होऊ शकते.

आणखी एक उदाहरण, आणि मांजर पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवाच. बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, पण काहीच होत नाही. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठता. कुणीतरी तेल पाजा म्हणतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याची लघवी तुंबलेली असते. बोक्याचा मूत्रमार्ग इतका अरुंद असतो, की बारीक खड्यांचा नाहीतर चिकट द्रवाचा बोळाही तो बंद करतो. रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. ज्याने एकदा तरी असं पोट चाचपून आत लिंबासारखी घट्ट फुगलेली मूत्राशयाची पिशवी अनुभवली आहे, तो डॉक्टर हे मिनिटभरात ओळखतो. ज्याने ते फक्त वाचलंय, तो कदाचित एनिमा देऊन घरी पाठवेल.

त्यात मांजर दुखणं लपवण्यात पटाईत. म्हणून कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी मांडली. कान किती वळलेत, डोळे किती मिटलेत, तोंडाचा भाग किती ताणलाय, मिशा कशा आहेत, डोकं खांद्याच्या वर आहे की खाली, या पाच गोष्टींना गुण द्यायचे. ऑपरेशननंतर वेदनाशामक पुरेसं पडलं का, हे त्यावरून ठरवता येतं. अशी साधनं शिकवायला महागडं मशीन लागत नाही. लागतात समोर मांजरं, आणि शेजारी उभं राहून ‘पुन्हा बघ’ म्हणणारा शिक्षक.

हात तयार होतात कुठे?

आपल्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. महाराष्ट्रात पशुवैद्यक शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, अकोला अशी सरकारी कॉलेजं आहेत. प्रत्येक कॉलेजला स्वतःचं शिकवण्याचं रुग्णालय असावं लागतं. पण पेशंट काही आदेश काढून येत नाहीत. परळच्या ओपीडीत कुत्र्या-मांजरांची रांग लागते. ग्रामीण भागातल्या कॉलेजात साहजिकच गायी, म्हशी, शेळ्या जास्त. म्हणजे पदवी एकच, पण एकीने शेकडो कुत्री हाताळलेली असतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला मोजकीच येतात. उद्या दोघंही एकाच नोंदणीवर कुठल्याही शहरात पाटी लावू शकतात.

ऑपरेशनांचं तर विचारूच नका. नराचं निर्बीजीकरण तुलनेने सोपं, कारण अवयव बाहेरच असतात. मादीचं मात्र पोट उघडावं लागतं. अंडाशय आत खोल, पाठीच्या बाजूला घट्ट धरलेले असतात. ते बाहेर ओढताना रक्तवाहिनी फाटू द्यायची नाही, आणि बांधलेली गाठ निसटू द्यायची नाही. ती निसटली तर रक्तस्राव पोटाच्या आत होतो, बाहेरून कळतही नाही. सरावलेला हात हे वीसेक मिनिटांत करतो. नवख्याला तास-दीड तास लागू शकतो आणि तेवढा वेळ भूल सांभाळायला दुसरं माणूस लागतं. गाठ बांधायचा सराव दोरीवर, स्पंजवर, मॉडेलवर होऊ शकतो आणि व्हायलाच हवा. पण शेवटी एके दिवशी खऱ्या पोटात हात घालावा लागतोच.

मग सहज सुचणारं उत्तर कोणतं? एकीकडे शहरांना हजारो ऑपरेशनं हवीत, दुसरीकडे विद्यार्थ्यांना केसेस हव्यात. महापालिकेची निर्बीजीकरण केंद्रं आणि व्हेटर्नरी कॉलेजं जोडून टाका! कल्पना उत्तम आहे, पण त्यात एक धोका दडलाय. भटक्या कुत्र्याला मालक नसतो. म्हणजे तक्रार करणारं कुणी नसतं. त्यामुळे तो ‘प्रॅक्टिसचा माल’ ठरणं फार सोपं. तसं झालं तर कुत्र्याचे हाल होतीलच, शिवाय विद्यार्थी चुकीची सवय शिकेल : जिथे कुणी विचारणार नाही, तिथे कसंही चालतं.

म्हणून जोडणी करायची तर अटींसह. विद्यार्थ्याच्या शेजारी अनुभवी सर्जन उभा हवा. पहिली काही ऑपरेशनं फक्त मदतनीस म्हणून, मग सोपे टप्पे, मग पूर्ण ऑपरेशन, असा चढता क्रम हवा. वेदनाशामकं सक्तीची. आणि ज्या विद्यार्थ्याने टाके घातले, त्यानेच पुढचे दिवस त्या कुत्र्याची जखम बघायला यायचं. आपली चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं, याहून चांगला शिक्षक नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेने पदवीच्या पहिल्या दिवशी डॉक्टरला काय-काय करता आलंच पाहिजे, याची यादीच केलीय. आपल्याकडेही लॉगबुकं असतात. पण लॉगबुकात सही असणं आणि हातात कौशल्य असणं, यातला फरक जर्नल कम्प्लीट करणाऱ्या तुम्हा-आम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

पैसे, मालक आणि मन

निदानाचा आणखी एक भाग सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही : खिसा. पिल्लाला पार्व्हो झालाय. रक्ताच्या जुलाबांनी ते सुकत चाललंय. दाखल करून दिवसरात्र सलाईन लावलं, उलट्या थांबवल्या, तर वाचायची चांगली शक्यता आहे. पण त्याचा खर्च पाहून समोरच्या रिक्षावाल्या काकांचा चेहरा उतरतो. आपल्याकडे प्राण्यांचा विमा काढणारे मोजकेच. मग डॉक्टरने कुठली टेस्ट आज करायची आणि कुठली सोडायची, कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त काय साधेल, हे ठरवायचं. हे समोरच्याला न लाजवता सांगायचं. कधी ‘आता त्याला झोपवूया’ हेही सांगायचं. दयामरणाचा निर्णय कसा बोलावा, हे विशीतल्या मुलांना कुणीतरी शिकवायला हवं ना?

दुसरं टोक म्हणजे मुंबईत महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं मोठं रुग्णालय. एमआरआयपासून आयसीयूपर्यंत सोयी आता कुत्र्या-मांजरांना मिळू शकतात. चांगलंच आहे. पण मशीन चालवणारा, एक्स-रे वाचणारा, भूल देणारा तज्ज्ञ तयार व्हायला पदवीनंतरही प्रशिक्षण लागतं. आपल्याकडे पदव्युत्तर शिक्षण मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग अशा विषयांत विभागलेलं आहे आणि त्यातही बैलापासून बोक्यापर्यंत सगळे प्राणी येतात. फक्त कुत्र्या-मांजरांचा हृदयरोगतज्ज्ञ व्हायचं, तर अनेकांना परदेशाकडे बघावं लागतं.

‘श्रीमंतांच्या कुत्र्यांसाठी सरकारी पैसा कशाला?’ हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो रास्त आहे. उत्तर असं, की कुत्र्यांच्या आजाराचा सगळ्यात मोठा फटका श्रीमंतांना बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. संशयित प्राणी चावलेल्यांमध्ये ४० टक्के मुलं १५ वर्षांखालची असतात. गल्लीत खेळणारी, शाळेत चालत जाणारी मुलं. आणि पिसाळलेलं कुत्रं गोठ्यातल्या गायीलाही चावतं. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवायचा, असा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्येच जाहीर झालाय. तो प्रत्यक्षात आणणारे हात याच कॉलेजांमधून येणार आहेत.

तुम्ही काय करू शकता?

कमेंट तर कराच, पण त्याआधी दहा रुपयांत होणारं एक काम आहे. माहितीच्या अधिकारात आपल्या महापालिकेला किंवा नगरपालिकेला अर्ज टाका. सोपे प्रश्न विचारा. निर्बीजीकरणासाठी किती पशुवैद्यक आहेत? त्यातले कायम किती, कंत्राटी किती? गेल्या वर्षी किती ऑपरेशनं झाली, आणि ऑपरेशननंतर किती कुत्री दगावली? लसीकरण किती? जवळच्या व्हेटर्नरी कॉलेजशी काही करार आहे का? चार मित्रांनी चार शहरांत हा अर्ज टाकला, तर तुमच्या हातात कुठल्याही रीलपेक्षा दमदार गोष्ट असेल.

कॉलेजच्या आवारात कुत्री असतील, तर एनएसएसमार्फत त्यांची नोंद करा : किती आहेत, कुणाच्या कानाला निर्बीजीकरणाची खूण आहे, लस कधी झाली. त्यांना हलवायची वेळ आली तरी ही यादी डॉक्टरांना उपयोगी पडेल. आणि कुत्रं चावलं, ओरखडलं, अगदी पिल्लू असलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, मिरची, चुना असलं काही लावू नका.

कुत्री हवीत की नकोत, यावर आपण आणखी दहा वर्षं भांडू शकतो. तोवर कुठल्यातरी कॉलेजमध्ये आपल्याच वयाची एक मुलगी पहिल्यांदा हातात ब्लेड घेऊन टेबलापाशी उभी असेल. तिच्या शेजारी शिकवणारं कुणी आहे का, आणि तिने याआधी पुरेशा केसेस पाहिल्यात का, यावर त्या भांडणाचा निकाल बराचसा अवलंबून आहे.